कोरे पेट्रोल

श्रीवर्धनच्या घरी पडवीच्या टोकाला एक अडगळीची खोली आहे. तिथे खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली, लाकूड कापायची चेनसॉ चार वर्षे पडून होती. आमच्याकडे बिघडलेली वस्तू टाकून देत नाहीत आणि दुरुस्तही करीत नाहीत. ती फक्त नजरेआड केली जाते. २०२४ च्या दिवाळीत ती गोणी उचलून मी पुण्याला आणली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी हाताला काही चाळा असावा यापलीकडे माझा हेतू नव्हता. इंजिन पार जाम झालेले होते. दोरी ओढली तर दगडाला बांधल्यासारखी जागची हलत नव्हती. का जाम झाले हे मला ठाऊक होते. निदान तसे मी चार वर्षे सांगत आलो होतो.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत किनारा ओलांडला. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे आकडा वाचून कळत नाही. पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकमेकींवर पडल्या होत्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असते, पण ती देणारे झाड लावल्यापासून हाती उत्पन्न यायला सहा-आठ वर्षे जातात हे ठाऊक नसते. टाळेबंदीमुळे मार्चपासून मी गावीच अडकलो होतो. वीज नाही, फोन नाही, आणि अंगणातला जुना फणस गोठ्यावर आडवा झालेला. पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी आमच्या घरी चेनसॉ असणे ही केवढी चैनीची गोष्ट होती, ते वेगळे सांगायला नको.

हे यंत्र वडिलांनी २०१६ साली एका लाकूडवाल्याकडून जुने म्हणून घेतले होते. ५२ सीसीचे इंजिन, डझनभर नावांनी विकली जाणारी चिनी बनावट. त्याच्यावरच्या नावाला काही अर्थ नव्हता. ते चालवीत आमच्याकडे वीसेक वर्षे कामाला येणारे एक गृहस्थ. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणे. घरात मात्र त्यांचा उल्लेख 'आपला गडी' असाच होई, आणि मीही मनातल्या मनात तसाच करीत असे. पुढच्या हकिगतीच्या दृष्टीने हे सांगून टाकलेले बरे.

वादळानंतर आठव्या की नवव्या दिवशी, फणसाचा बुंधा अर्धा कापून झाला असताना, यंत्र एकदम किंचाळल्यासारखा आवाज करून थांबले ते थांबलेच. मी जाऊन दोरी ओढून पाहिली, सायलेन्सरपाशी हात नेला, आणि निकाल दिला: कोऱ्या पेट्रोलवर चालवले. ज्यांनी चेतक किंवा प्रिया चालवली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच जाता जाता पिस्टनला आणि बेअरिंगांना वंगण पुरवते. पंपावर लिटरमागे वीस मिली टू-टी मागून घेण्याची ती सवय एका पिढीच्या अंगात मुरलेली होती. तेल न घालता कोरे पेट्रोल भरले, तर पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घासतो आणि काही मिनिटांत तिथेच चिकटतो. मी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, तेव्हा माझ्या निकालावर अपील नव्हते. दादा म्हणाले, "मी मिक्सच घातलंय, भाऊ." दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. त्यांचे न भांडणे हा मला तेव्हा कबुलीजबाब वाटला. गोठ्यावरचा फणस पुढे दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या यंत्राने, अव्वाच्या सव्वा दर देऊन काढून घेतला. दरम्यान पाऊस येऊन गोठ्याची एक भिंत खचली. महिनाअखेरीच्या हिशेबातून मी तीन हजार रुपये वळते करून घेतले. वडील काही बोलले नाहीत. दादा त्यानंतर आमच्या वाडीत कामाला आले नाहीत.

तर अशी ही गोणी पुण्याच्या सदनिकेच्या बाल्कनीत आली. जुने वर्तमानपत्र अंथरले, चहाचे रिकामे डबे स्क्रू ठेवायला घेतले, आणि कामाला लागलो. यंत्र उघडण्यात एक विलक्षण सुख असते. पहिल्या दोन तासांत तरी असते. वरचे झाकण, हवेचा फिल्टर, कार्बोरेटर, सायलेन्सर असे क्रमाने निघत गेले. भुशाची आणि तेलाची काळी पेंड कोपऱ्याकोपऱ्यांत बसली होती, आणि त्या पेंडीला चार वर्षांनंतरही फणसाच्या लाकडाचा वास येत होता. की तो मलाच येत होता, कोण जाणे.

सायलेन्सर काढल्यावर एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. त्याच्या त्या बाजूवर खोल उभे ओरखडे होते, आणि रिंग तिच्या खाचेत वितळलेल्या ॲल्युमिनियमने बुजून गेली होती. सिलिंडर काढायला बरीच झटापट करावी लागली. थोडे डिझेल ओतून दोन दिवस ठेवले, मग रबरी हातोडीने हलके ठोकत ठोकत तो सुटला. पिस्टनच्या दुसऱ्या, हवा आत येण्याच्या बाजूवर मात्र कारखान्यातल्या लेथच्या बारीक रेघाही शाबूत होत्या. फिल्टरमधून धूळ आत गेली असती तर ही बाजू आधी खराब झाली असती. म्हणजे धुळीचा प्रश्न निकालात निघाला. वंगण कमी पडले की सर्वांत तापणारी एक्झॉस्टची बाजू आधी जाते, आणि इथे तीच गेली होती. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. चार वर्षांपूर्वी पाच मिनिटांत केलेले निदान अचूक ठरले, असे मी घरात दोनदा बोलूनही दाखवले.

सिलिंडर वाचण्यासारखा होता. या इंजिनांच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून क्रोमचा कठीण आणि पातळ लेप असतो. ओरखडे म्हणून जे दिसत होते ते बहुतेक त्या लेपावर चढलेले पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. मोरीचा पाइप तुंबला की आपण कॉस्टिक सोडा वापरतो; तो ॲल्युमिनियम खातो आणि क्रोमला हात लावत नाही. त्याचे दाट द्रावण कान साफ करायच्या काडीने फक्त त्या पट्ट्यांवर लावायचे, फेस थांबला की पुसायचे, पुन्हा लावायचे. भोकांच्या कडांना मात्र ते लागता कामा नये, कारण तिथे लेप संपून उघडे ॲल्युमिनियम सुरू होते. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवी. आणि घरातील मंडळींचा संयम हवा, जो दुसऱ्या दिवशी संपला. तिसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवल्यावर सिलिंडर पुन्हा आरशासारखा नसला तरी बोटाला गुळगुळीत लागू लागला.

नवा पिस्टन, रिंगा आणि पिन यांचा संच स्वस्तात मिळाला. क्लच काढण्यासाठी मात्र मी एक संध्याकाळ वाया घालवली. सुरुवातीच्या दोरीचेच एक टोक प्लगच्या भोकातून आत सारायचे, म्हणजे पिस्टन मध्येच अडकतो आणि क्रँक फिरत नाही, ही युक्ती मला ठाऊक होती. पण चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात हे विसरून मी तो सोडवण्याऐवजी आवळत बसलो होतो. पदवीचा विषय वर काढला आहेच, तेव्हा हेही नमूद करतो.

काही किरकोळ वस्तू आणायला नाना पेठेत गेलो. तिथे सुट्या भागांच्या एका लहानशा दुकानात एक वृद्ध मेकॅनिक बसलेले असतात. पॅकिंग आणि प्लग घेताना मी त्यांना उत्साहाने सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, आधीचा पिस्टन कशानं गेला?"

"कोऱ्या पेट्रोलनं. गड्यानं तेल घातलं नव्हतं."

"टाकी उघडून बघितली?"

टाकी मी उघडली नव्हती. चार वर्षांत पेट्रोल उडून गेले असणार, त्यात बघायचे काय? ते म्हणाले, "पेट्रोल उडतं. तेल कुठं जातं?"

घरी येऊन टाकीचे झाकण काढले. तळाशी हिरवट, मधासारखे दाट तेल साचले होते. यंत्र कलते केल्यावर ते सावकाश एका कोपऱ्यात उतरले. मोजले नाही, पण पोह्याचा चमचा भरला असता. टू-टी तेलात रंग घालतात तो नेमका यासाठी, की मिसळले आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसावे. मी चार वर्षांत ते झाकण फिरवले नव्हते. मग विजेरी घेऊन सिलिंडर काढलेल्या जागेतून खाली क्रँककडे पाहिले. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग काळसर तेलाने ओले होते आणि बोटाने हलवल्यावर कुरकुर न करता फिरत होते. कोऱ्या पेट्रोलवर चाललेले इंजिन असते, तर ते कोरडे आणि तापून निळसर पडलेले असायला हवे होते. हे सगळे मी आठवडाभर उघडे पाडून समोर ठेवले होते. वरचे ओरखडे तेवढे पाहिले, कारण तेवढेच हवे होते.

टाकीतले तेल आधीच्या भरणीचे उरलेले असेल, शेवटची भरणी कोरीच असेल, असाही युक्तिवाद करता येतो. तो मी त्या रात्री केला. वकिली करायचीच तर साहित्य कमी पडत नाही. पण मग इंजिन दुसऱ्या कशाने जाम झाले, हे शोधणे भाग होते. नाहीतर नवा पिस्टनही पाच मिनिटांत त्याच वाटेने गेला असता.

इथे टू-स्ट्रोकच्या रचनेविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. इंग्लंडात बाथ येथे जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास जी रचना बसवली, तिच्यात पिस्टनखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हीच पंपाचे काम करते. पिस्टन वर जातो तेव्हा पेटीत पोकळी निर्माण होऊन हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबाने वर सिलिंडरमध्ये लोटले जाते. मोटारीच्या इंजिनात क्रँकच्या टोकाचे ऑइल सील खराब झाले तर जमिनीवर तेलाचे डाग पडतात, एवढेच. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ते सील इंजिनाचा श्वास धरून ठेवते. ते फाटले की प्रत्येक फेऱ्याला बाहेरची फुकट हवा आत घुसते. मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, पेट्रोलबरोबर येणारे तेलही कमी पडते, ज्वलनाची उष्णता वाढते, आणि इंजिन आपोआप वेग घेऊ लागते. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे करणाऱ्या यंत्राला या अवस्थेत फार वेळ लागत नाही. टाकीत पुरेपूर तेल मिसळलेले असूनही पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने जातो, आणि वरून पाहणाऱ्याला ते कोऱ्या पेट्रोलचेच काम वाटते.

हे तपासायला दाबाची परीक्षा घेतात. त्याचे तयार साधन माझ्याकडे नव्हते. आईचे रक्तदाब मोजायचे जुने, तबकडीचे यंत्र होते. नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवला, सायलेन्सरचे आणि कार्बोरेटरचे तोंड सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून स्क्रूने आवळून बंद केले. या कार्बोरेटरातला पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणाऱ्या पातळ पडद्याने चालतो, म्हणून तर करवत आडवी-तिडवी कशीही धरली तरी पेट्रोल पोचत राहते. त्या पडद्याला दाब पोचवणाऱ्या बारीक वाटेला रबरी नळी जोडली आणि फुगा दाबू लागलो. काटा अडीचशेपर्यंत गेला आणि हात थांबवताच झरझर खाली आला. साबणाचे पाणी ब्रशने सगळीकडे लावले. सिलिंडरच्या पॅकिंगपाशी काही नाही. क्लचच्या बाजूला काही नाही. फ्लायव्हील काढून त्या बाजूच्या सीलवर पाणी लावले, तो तिथे फुग्यांची माळ उमटली.

सील उकरून काढले. रबर कडक होऊन त्याच्या ओठाला जवळजवळ पाव वर्तुळाएवढी चीर गेलेली होती. जुन्या वापरलेल्या यंत्रात हे व्हायचेच. ज्याने ते विकले त्यालाही कदाचित ठाऊक नसेल.

ते सील हातात घेऊन बसलो असताना मला जी गोष्ट आठवली, ती मी विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे आहे. ज्या दिवशी इंजिन जाम झाले त्या सकाळी दादा यंत्र घेऊन पडवीत आले होते. म्हणाले होते, "भाऊ, आज मशीन आपसूक रेस घेतंय. सोडलं तरी खाली येत नाय." हे त्या चिरेचे अचूक वर्णन होते. पाठ्यपुस्तकात याहून नेमके लिहिलेले नाही. मी काय केले? कार्बोरेटरचा मंद गतीचा स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवला, आवाज खाली आला, आणि "आता चालवा" म्हणून सांगितले. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून त्याला शेतावर पाठवावे, तसे. अर्ध्या-पाऊण तासात ते संपले. म्हणजे यंत्राचे दुखणे ओळखणारा एकच माणूस त्या अंगणात होता, आणि दंड त्यालाच झाला.

बाकीची जुळणी पटकन सांगतो. दोन्ही सील नवी घातली. ही वाट बंद झाल्यावर काटा अडीचशेवर दहा मिनिटे जवळजवळ स्थिर राहिला. अंतिम जुळणीत पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे आणि रिंगेची टोके तिच्या खाचेतल्या खुंटीच्या दोन्ही बाजूंना नीट बसली आहेत, हे तीन-तीनदा पाहिले. पिनेची एक क्लिप उडून बाल्कनीबाहेर गेली ती खालच्या कुंडीत सापडली. फ्लायव्हील आणि ठिणगीची कॉइल यांच्यातले अंतर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ठेवले. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे बदलले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवणे आले. लिटरला चाळीस मिली तेल घातले. सोसायटीच्या वाहनतळावर सहाव्या की सातव्या ओढीला इंजिन सुरू झाले, निळा धूर जिन्यात शिरला, आणि मी कोणाची तक्रार यायच्या आत ते बंद केले.

२०२५ च्या मे महिन्यात यंत्र घेऊन श्रीवर्धनला गेलो. वडिलांना फाटलेले सील दाखवले. त्यांनी ते चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "तो खोटं बोलणारा नव्हे, हे मला ठाऊक होतं." मग तेव्हा का नाही बोललात, असे मी विचारले नाही. 'तू शिकलेला' हेच उत्तर आले असते.

दादांचे घर पाखाडी उतरून गेल्यावर आहे. ते अंगणात खराटे बांधीत बसले होते. मी चेनसॉ खाली ठेवली, सील त्यांच्या हातात दिले, आणि जे सांगायचे होते ते सांगितले. तयार करून नेलेली वाक्ये तिथे उपयोगाची नव्हती. "दादा, तुम्ही मिक्सच घातलं होतं" एवढेच नीट बोलता आले. तीन हजारांचे पाकीट पुढे केले. त्यांनी सील उलटसुलट करून पाहिले, चिरेतून नख फिरवले. पाकीट घेतले, उघडून न पाहता बाजूच्या पाटावर ठेवले आणि त्यावर कोयता ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"त्या साली पोरीचं लग्न ठरलेलं," ते म्हणाले. "लोकांस्नी वाटलं, भाऊंच्यात काय तरी घोटाळा केला असंल म्हणून कामावरनं काढला." आवाजात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही, आणि त्यांनाही ते नको असावे.

मग त्यांनी यंत्र जवळ ओढले. पाय मागच्या मुठीत रोवून दोरी दोनदा ओढली, तिसऱ्याला सुरू केले. रेस वाढवून सोडली. आवाज खाली आला आणि तिथेच राहिला. मान तिरकी करून ते थोडा वेळ ऐकत राहिले, पुन्हा एकदा वाढवून सोडली, पुन्हा ऐकले, आणि बंद केले.

"इंजिन बरं केलंत," ते म्हणाले. मग साखळीवरून अंगठा आडवा फिरवला. "दात कोणी घासले हे?"

मीच घासले होते.

"एका अंगाचे लहान, एका अंगाचे मोठे. वाकडं कापंल." त्यांनी घरात हाक मारून गोल कानस मागवली, पट्टी गुडघ्यांत धरली, आणि पहिला दात शोधून त्यावर खडूने खूण केली. मी समोर उकिडवा बसलो. "बघा," ते म्हणाले, "कानस नेहमी आतून भाइर. परतताना उचलायची."